सटवाईचा लेख आणि देवाची निवड : मराठी मंडळ्यांतल्या पाळकांना आणि धर्मशिक्षकांना खुले पत्र

आदरणीय पाळक, फादर, सिस्टर, उपदेशक आणि संडे स्कूलचे शिक्षक यांस,

सप्रेम सलाम.

कन्फर्मेशनच्या किंवा बाप्तिस्म्याच्या वर्गात इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय निघाला, देवाने आपल्याला जगाच्या स्थापनेपूर्वी निवडले हे वाचून झाले, की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच : "म्हणजे सगळं आधीच ठरलंय ना?" शिकवणाऱ्याला अभ्यासक्रम संपवायचा असतो. तो म्हणतो, "हो, देवाच्या मनात असेल तसंच होतं." वर्ग मान डोलावतो आणि पुढे सरकतो. त्या उत्तराने जे बिघडते ते पुढे मयताच्या घरी, उपासप्रार्थनेत आणि रात्री झोप न लागणाऱ्या एखाद्या तरुणासमोर निस्तरावे लागते. हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे.

मराठी कानाला 'आधीच ठरलेले' म्हटले की काय ऐकू येते, याचा विचार आपण फारसा करत नाही. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, ते पुसता येत नाही, वाचताही येत नाही. नशीब, दैव, प्रारब्ध, भोग हे सगळे शब्द त्याच घरातले. पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही हे शब्द मुक्कामाला आहेत. त्यांवर देवाच्या आधीच्या निवडीसाठीचा 'पूर्वनियोजन' हा जड शब्द ठेवला की तो सटवाईचाच शुद्ध मराठीतला अवतार होऊन बसतो.

फरक नेमका दाखवावा लागतो. सटवाईच्या लेखात घटना असतात : कधी लग्न, कधी मरण, किती पोरे. ज्या ग्रीक क्रियापदाचे भाषांतर आपण 'आगाऊ नेमणे' असे करतो ते नव्या करारात फक्त सहा वेळा येते : प्रेषितांची कृत्ये ४:२८, रोम ८:२९ आणि ८:३०, १ करिंथ २:७, इफिस १:५ आणि १:११. ही सहाही वचने फळ्यावर लिहा. कुणाची नोकरी, कुणाचा अपघात, कुणाचा जोडीदार यांबद्दल त्यांत काही नाही. ख्रिस्ताचा वधस्तंभ, ख्रिस्तासारखे होणे, दत्तक घेतले जाणे, वारसा, गौरव एवढेच विषय आहेत. देवाची सत्ता सगळ्या घटनांवर आहे की नाही हा प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळ्या तासाचा, वेगळ्या वचनांचा.

दुसरे, सटवाई प्रत्येकाच्या कपाळावर सुटे सुटे लिहिते. इफिस १:३ ते १४ हे ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे आणि त्यात 'ख्रिस्तात', 'त्याच्यात', 'ज्याच्यात', 'त्या प्रियात' अशा रूपांनी तोच उल्लेख अकरा वेळा येतो. मुलांना मोजायला लावा; मराठीत एखाददुसरा कमी भरेल, हरकत नाही. मोजून झाल्यावर निवड कुणाच्या कपाळावर नसून कुणामध्ये आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाचव्या वचनातला 'दत्तक' हा शब्द तर आपल्या घरातलाच आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. आपल्याकडे दत्तक घेताना भाऊबंदांतला, धडधाकट, वंश चालवील असा मुलगा बघत. ऐकणारा नकळत तेच धरून चालतो : देवाने माझ्यात काहीतरी बघितले असणार. म्हणून त्याच तासाला अनुवाद ७:७-८ वाचा. तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडके होता. मी प्रीती केली म्हणून. कारण विचारले तर उत्तर फिरून प्रीतीवरच येते, त्याच्या मागे जात नाही.

जातीबद्दलही इथेच बोला. आपल्या कित्येक मंडळ्यांतल्या घरांना जन्मावरून ठरवले जाणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. 'जन्मण्यापूर्वीच निवड' हे रोम ९:११ चे शब्द त्यांच्या कानावर कसे पडत असतील? आणि वचन तर उलट्या दिशेने कापते. याकोब आणि एसाव एकाच आईबापाचे, एकाच वेळी पोटात असलेले जुळे. जन्माने मान थोरल्याचा, आणि देव धाकट्याला पुढे करतो. जन्माच्या हक्काला दिलेला हा धक्का आहे, हे शिकवणाऱ्याने तोंडाने म्हणावे. गृहीत धरू नये.

आता क्रमाबद्दल. निवडीपासून सुरुवात करून मग पाप, ख्रिस्त, विश्वास असे उतरत जाणे तर्काला बरे दिसते, वर्गाला मारक ठरते. ज्याच्या नावावर ही शिकवण सर्रास खपवली जाते त्या कॅल्व्हिनने, सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकाने, आपल्या 'इन्स्टिट्यूट्स' या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत ती तिसऱ्या खंडाच्या २१ ते २४ या अध्यायांत ठेवली. विश्वास, नीतिमान ठरणे आणि प्रार्थनेवरचा मोठा अध्याय हे सगळे झाल्यावर. त्याच परंपरेतल्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत आणि पूर्वनियोजनावर स्वतंत्र प्रश्न एकही नाही. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार तर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी बजावतो की ही गूढ शिकवण विशेष सुज्ञपणाने आणि जपून हाताळावी. घरात आलेल्याने मागे वळून दाराकडे बघावे आणि कळावे की दार आतून उघडले गेले होते, असा तिचा क्रम आहे. बाहेर उभ्या असलेल्याला यादी वाचून दाखवण्यासाठी ती नाही.

म्हणून पहिला तास इफिस २:१-१० वर घ्या. आठव्या वचनात मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा एक सोय जास्त आहे, ती वाया घालवू नका. 'हे देवाचे दान आहे' यातले 'हे' कशाला लागते? मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, तारण नपुंसकलिंगी. त्यामुळे 'हे' सहज तारणाकडे जाते. ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, दर्शक सर्वनाम नपुंसकलिंगी आहे, आणि तारण तिथे नाम नसून क्रियारूप आहे. म्हणजे ते सर्वनाम एकट्या विश्वासाला व्याकरणाने जुळत नाही; कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण होणे ही सगळी गोष्टच दान, असा अर्थ सरळ बसतो. 'बघा, पौल म्हणतो विश्वास हेच दान' असे या एका शब्दावरून ठासून सांगणारा चुकतो. आणि 'विश्वास तेवढा माझा, बाकी देवाचे' असे सांगणाराही चुकतो, कारण 'सगळी गोष्ट' म्हटल्यावर विश्वास तिच्या बाहेर राहत नाही.

दुसऱ्या तासाला रोमकरांस पत्राचे ९, १० आणि ११ हे तिन्ही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. ३३, २१ आणि ३६ मिळून ९० वचने. पाव तास लागेल. नववा अध्याय एकटा काढून त्यावर महिनाभर प्रवचने देणे ही नेहमीची चूक आहे. पौलाचा तिथला प्रश्न 'अमका मनुष्य स्वर्गात जाईल का' असा सुरू होत नाही. इस्राएलाने ख्रिस्ताला नाकारले, तर देवाचे वचन फसले का, हा त्याचा प्रश्न आहे. उत्तर नवव्यात मलाखी, निर्गम आणि यिर्मयाचा कुंभार यांच्यातून जाते, दहाव्यात 'जो कोणी प्रभूचे नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचे तारण होईल' इथे येते, आणि ११:३२ मध्ये देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून, इथवर पोचते. नवव्याच्या शेवटी थांबणारा श्रोत्यांना अर्ध्या वाटेवर उतरवतो. या अध्यायांत व्यक्तींची निवड आहे की लोकसमूहांची, यावर जाणकारांत खरा वाद आहे, आणि तो आहे असेच वर्गात सांगावे.

९:२२-२३ मध्ये मात्र थांबा. दयेच्या पात्रांबद्दल पौल कर्तरी क्रियापद वापरतो : देवाने ती गौरवासाठी आगाऊ तयार केली. क्रोधाच्या पात्रांबद्दल नुसते 'नाशासाठी सिद्ध झालेली' असे विशेषण आहे. कोणी केली ते वाक्य सांगत नाही, आणि 'आगाऊ' हा उपसर्गही तिथे नाही. त्या कर्मणी रूपामागे कर्ता देवच आहे असे काही भाष्यकार मानतात. मानोत. पण पौलाने दोन वाक्ये एका मापाने कापलेली नाहीत, हे मूळ वाचणाऱ्या कुणालाही दिसते.

फारोच्या अंतःकरणासाठी रंगीत पेन्सिली घ्या. निर्गमाचे ४ ते १४ हे अध्याय. 'परमेश्वराने कठीण केले' एका रंगात, 'फारोने आपले मन कठीण केले' दुसऱ्या रंगात, नुसते 'कठीण झाले, राहिले' तिसऱ्या रंगात. 'मी करीन' हे देव ४:२१ आणि ७:३ मध्येच सांगून ठेवतो, तेव्हा फारोचाच पहिला नंबर असे म्हणून सुटका नाही. पण प्रत्यक्ष 'परमेश्वराने कठीण केले' हे पीडा सुरू झाल्यावर पहिल्यांदा येते ते सहाव्या पीडेत, फोडांच्या वेळी, ९:१२ मध्ये. त्याआधी ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारो स्वतः करतो. आणि सातव्या पीडेनंतर, ९:३४ मध्ये, पुन्हा तोच करतो. त्याला तिथे पाप म्हटले आहे. तीन रंग एकमेकांत विणलेले दिसतात. पोरांना हे व्याख्यानापेक्षा लवकर कळते, हे आम्ही खात्रीने सांगतो.

एकच उतारा शिकवायला वेळ असेल तर मात्र वरचे सगळे सोडा आणि प्रेषितांची कृत्ये २७ घ्या. वादळात जहाज, चौदा रात्री, २७६ माणसे. देवाचा दूत पौलाला सांगतो की जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. ठरले. मग तिसाव्या वचनात खलाशी नाळीवरून नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडतात, पळून जायच्या बेताने. पौल शताधिपतीला म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. आता वर्गाला विचारा : वाचणार हे ठरलेले होते ना? मग 'नाहीतर' कशाला? शिपाई दोर कापतात, होडी जाते, पौल सगळ्यांना जेवायला लावतो, गहू समुद्रात टाकून जहाज हलके करतात, शेवटी पोहत आणि फळ्या धरून सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. देवाने शेवट ठरवला त्यात दोर कापणेही आले, जेवणही आले. नशीबवादी माणूस त्या जहाजावर हात बांधून बसला असता. वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्ट, परंपरेतले शिक्षक हाच उतारा 'अभिवचनाला अट असते' असा वाचतील. वाचू द्या. ही सुटका पाण्यातून आहे, पापातून नाही, हेही सांगा. दाखला ताणला की तुटतो.

दाखल्यांचा विषय निघालाच आहे. विहिरीत पडलेला माणूस आणि वरून सोडलेला दोर हा आपला लाडका दाखला. त्यात निकाल आधीच लावलेला असतो : माणूस जिवंत आहे आणि त्याच्या मुठीत ताकद आहे. इफिस २:१ तर त्याला मेलेला म्हणते. उलट 'प्रेताला कोण विचारतो दोर धरतोस का' म्हणणाऱ्याने सांगावे की मेलेल्याला पश्चात्ताप करण्याची आज्ञा मग कशी होते. काही शिक्षक दाक्षिणात्य वैष्णवांचा दाखला आणतात : माकडिणीचे पिलू आईला घट्ट धरते, मांजरीचे पिलू नुसते तोंडात लटकते. सुंदर आहे. पण 'वेस्ली म्हणजे माकडीण, कॅल्व्हिन म्हणजे मांजर' असे समीकरण मांडले की दोघांवर अन्याय. वेस्लीच्या मते पिलाच्या पंजातली पकडसुद्धा आधी येऊन गेलेल्या कृपेची देणगी. आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या डॉर्टच्या धर्मसभेच्या (१६१८-१९) ठरावांत, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या सोळाव्या कलमात, स्वच्छ लिहिले आहे की कृपा माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखे वागवत नाही. ती इच्छा मोडत नाही, जिवंत करते. ७२ वर्षे आधी, १५४७ मध्ये, कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेनेही माणूस निर्जीव वस्तूसारखा पडून राहतो ही कल्पना फेटाळली होती. एकमेकांना शाप देणाऱ्या दोन्ही घरांनी ओंडका तेवढा बाहेर टाकला.

तिसरा तास इतिहासाचा. इथे भांडण कुठे नाही हे आधी सांगा, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. कृपेशिवाय माणूस देवाकडे पहिले पाऊल टाकू शकतो, असे मुख्य परंपरांपैकी कुणीही म्हणत नाही. माणूस स्वतःच्या बळावर नीट वागू शकतो या पेलागियसच्या शिकवणीला ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने नकार दिला; ५२९ मध्ये ओरांजच्या सभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेची ठरवली, आणि त्याच दमात देव कुणाला वाइटासाठी नेमतो या मताला शाप दिला. ट्रेंटचा पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरता येते म्हणणाऱ्याविरुद्ध आहे, तेव्हा 'कॅथलिक कर्माने तरतात, आपण कृपेने' हे प्रवचनातले वाक्य आता निवृत्त करावे. आणि १६१० मध्ये डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी जी पाच कलमे मांडली त्यांतले तिसरे म्हणते की माणसाकडे तारणदायी विश्वास स्वतःचा नाही, त्याला पवित्र आत्म्याने नव्याने जन्मावे लागते. डॉर्टला या कलमात वेगळे काढून ठोकण्यासारखे काही मिळेना, म्हणून त्यांनी तिसरे आणि चौथे प्रकरण जोडून टाकले. डॉर्टच्या शिकवणीच्या पाच मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'ट्यूलिप' पाठ करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ती जुळवणी विसाव्या शतकातली, आणि तिचा क्रमही डॉर्टचा नाही. डॉर्ट निवडीने सुरू होते, माणसाच्या भ्रष्टतेने नव्हे.

खरी फूट तीन ठिकाणी आहे. कृपा नाकारता येते का : ट्रेंट, लूथरन, आर्मिनियस, वेस्ली म्हणतात येते, डॉर्ट म्हणते, देव ज्याला नवा जन्म देतो त्याच्यात ती निष्फळ होत नाही. निवड आधी दिसलेल्या विश्वासावरून का : डॉर्ट ठाम नाही म्हणते, आर्मिनियसचे लोक हो. मिळालेले तारण गमावता येते का : इथे मराठी मुलखाचा थेट संबंध येतो. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते, कॅल्व्हिनच्या परंपरेतले. १८८२ मध्ये मुंबईत उतरलेली मुक्तिफौज पुढे त्याच जिल्ह्यात पसरली, आणि तिच्या अकरा तत्त्वांपैकी नववे सांगते की तारणात टिकून राहणे हे आज्ञाधारक विश्वास चालू राहण्यावर अवलंबून आहे. वेस्टमिन्स्टरचा सतरावा अध्याय नेमके उलटे सांगतो. एकाच तालुक्यातल्या सोयरिकी करणाऱ्या दोन मंडळ्या या एका वाक्यावर विभागलेल्या असू शकतात. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल वारसाही आला, अँग्लिकनही, मेथडिस्टही. त्या व्यासपीठावरून 'आपली मंडळी असे मानते' असे एकतर्फी म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

कॅथलिक वर्गांसाठी गोव्याजवळचा धागा आहे. ज्या जेझुइट संघाच्या फादर स्टीफन्सनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले, त्याच संघाच्या मोलिनाने १५८८ मध्ये देवाचे ज्ञान आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ घालणारा ग्रंथ काढला आणि डोमिनिकन पंडित त्याच्यावर तुटून पडले. रोममध्ये सुमारे नऊ वर्षे चौकशी चालली. १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपांनी निकाल न देता ती बंद केली : दोघांनी आपापले शिकवावे, एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. ही आज्ञा वर्गाच्या दारावर लावण्याजोगी आहे.

चौथा तास प्रश्नांचा ठेवा, आणि तीन प्रश्नांची तयारी करून जा.

"मी निवडलेला आहे की नाही, कसं कळणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याला आत बघायला सांगू नका, तो आधीच तिथे अडकलेला असतो. कॅल्व्हिनने ख्रिस्तालाच निवडीचा आरसा म्हटले आहे. डॉर्टच्या पहिल्या प्रकरणाचे सोळावे कलम अशाच माणसासाठी लिहिलेले आहे : ज्याला अजून जिवंत विश्वासाची खूण स्वतःत जाणवत नाही, पण जो वचन, प्रार्थना, उपासना धरून आहे, त्याने घाबरू नये आणि स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये. कॅथलिक शिक्षकाने ट्रेंटचा बारावा अध्याय नीट सांगावा : विशेष प्रकटीकरणावाचून आपण निवडलेल्यांत आहोत याची पक्की खात्री कुणी बाळगू नये, पण आशा सोडावी असे तो म्हणत नाही.

"मग सुवार्ता सांगायची कशाला?" करिंथात देवाने पौलाला सांगितले की या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते ऐकून पौल निवांत झाला नाही, दीड वर्ष शिकवत राहिला. डॉर्टच्या दुसऱ्या प्रकरणाचे पाचवे कलमही अभिवचन सर्व लोकांना भेद न करता सांगावे असेच म्हणते. उलट बाजूची चूकही तेवढीच मोठी आहे : सभेत हात वर केला, कार्ड भरले, "झालं तुझं तारण" म्हणून टाकले. मग वर्षाने विश्वास डळमळला की त्याला परत हात वर करायला लावायचे. कृपेच्या नावाने हाताचे कर्म तेवढे शिकवले जाते.

तिसरा प्रश्न वर्गात कमी आणि मयताच्या घरी जास्त येतो. बाळ गेलेले असते, किंवा मंडळीपासून दूर गेलेला मुलगा. तिथे "देवाची इच्छा" हे दोन शब्दही बोलू नका. आई ते सटवाईच्या भाषेतच ऐकते. बाळाबद्दल डॉर्ट पहिल्या प्रकरणाच्या सतराव्या कलमात देवभीरू आईबापांना सांगते की लहानपणी गेलेल्या आपल्या लेकरांच्या निवडीबद्दल शंका धरू नका. कॅथलिक धर्मशिक्षण बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि आशा ठेवायला सांगते. दूर गेलेल्या मुलाबद्दल कुठल्याच परंपरेने पाळकाला निकाल द्यायचा अधिकार दिलेला नाही. बसा, चहा आला तर घ्या.

शेवटच्या तासाला वीस मिनिटे उरली तर नवा मुद्दा काढू नका. रोम ११:३३-३६ ही चार वचने दोघातिघांकडून वाचून घ्या. तीन अध्याय वाद घातल्यावर पौल तिथे वाद सोडून स्तुतीला लागला आहे. त्यावर आपले स्पष्टीकरण नको. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला पुन्हा एकदा विचारा, सगळं आधीच ठरलंय म्हणजे काय रे?

आपले नम्र,
मराठीतून धर्मशिक्षण देणारे काही सहकारी